जाडी पुसून आलेला आलेख

सांगलीत एमएस्सीला असताना मी प्रोजेक्टला थिन फिल्म, म्हणजे अतिशय पातळ थर, घेतली. काचेवरच्या फिल्मचा ट्रान्समिशनचा (कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश आरपार जातो, त्याचा) आलेख नागमोडी आला. यंत्र बिघडलंय असं समजून मी स्मूदिंग मारलं आणि गुळगुळीत आलेख सरांपुढे ठेवला. सर म्हणाले, "जाडी पुसून आलास की रे!"

फिल्मच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे तरंग एकमेकांत मिसळतात, त्याच त्या लाटा. शेजारची दोन शिखरं 700 आणि 840 नॅनोमीटरला असतील आणि अपवर्तनांक 2.5 धरला, तर 700 × 840 भागिले (2 × 2.5 × 140), म्हणजे जाडी 840 नॅनोमीटर. पावसाळ्यात एसटी स्टँडवरच्या डबक्यात डिझेलचे रंग दिसतात, तेही यातलंच. (डबक्यांची आपल्याकडे टंचाई नाही.)

सोलर सेलमध्ये नवीन असाल तर 4n² (n म्हणजे अपवर्तनांक) हा आकडा लवकरच कानावर पडेल. पृष्ठभाग खडबडीत केला की किरण तिरपे होऊन आत अडकतात, आणि कमी शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाचा मार्ग जास्तीत जास्त 4n² पट, म्हणजे सिलिकॉनमध्ये 50 पटीच्या आसपास वाढतो, हे भौतिकशास्त्रज्ञ एली याब्लोनोविच यांनी 1982 साली मांडलं. दीडशे मायक्रॉनच्या वेफरला (सिलिकॉनच्या चकतीला) हा हिशेब चालतो. थर काहीशे नॅनोमीटरवर आला की आत प्रकाशाचे मोजकेच मोड (तरंगांचे ठरावीक आकृतिबंध) मावतात आणि किरणांचं गणित कोलमडतं. नक्षी नीट कोरली तर ती मर्यादा ओलांडताही येते, असं स्टॅनफर्डच्या शानहुई फान यांच्या गटाने 2010 मध्ये दाखवलं.

माझा सगळ्यात मोठा गैरसमज आरशाचा. मागे चांदी लावली की प्रकाश दुप्पट, एवढंच डोक्यात. पण चांदीलगत विद्युतक्षेत्र जवळपास शून्य असतं. शोषणारा पातळ थर तिथेच बसवला तर तो उपाशी राहतो. मधे पारदर्शक थर घालून त्याला उचलावं लागतं. 600 नॅनोमीटरचा प्रकाश, अपवर्तनांक 2, तर साधारण 75 नॅनोमीटर वर.

हे वाचून समजत नाही. ट्रान्सफर मॅट्रिक्सचा (थरांच्या रचनेतून किती प्रकाश परततो आणि किती आरपार जातो, हे काढण्याच्या पद्धतीचा) प्रोग्राम पायथनमध्ये स्वतः लिहा आणि आधी नुसत्या काचेवर तपासा: एका पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के परावर्तन यायला हवं. मी मात्र 1 मिलिमीटरची काचही तरंगांच्या हिशेबात घातली, आणि आलेखभर कुसळं उगवली. इतक्या जाड काचेत व्यतिकरण, म्हणजे तरंगांचं ते एकमेकांत मिसळणं, प्रत्यक्ष मोजमापात टिकत नाही. मी ती कुसळं इमानाने जपून ठेवली आणि सरांकडे नेली. पुसायच्या लाटा नेमक्या त्याच होत्या.