स्टोइक वाचताय? या चुका टाळा

स्टोइक म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधले तत्त्वज्ञ; सद्गुण हेच खरं चांगलं, असं ते मानत. त्यांना वाचताना सगळ्यात नडणारी चूक म्हणजे ‘हातात नाही’चा जप. त्यांच्यातल्या एपिक्टेटस या गुरूच्या छोट्या पुस्तिकेचं पहिलंच वाक्य आहे: काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. पुढे ५२ प्रकरणं आहेत, पण घाई असलेला वाचक इथेच तृप्त होतो.

मीही झालो होतो. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. निकाल माझ्या हातात नाही, म्हणून मी घरी शांतपणे पुस्तक घेऊन बसलो. स्वतःवर खूशही होतो. दुपारी बहिणीचा फोन आला. “दादा, ऑपरेशन तुझ्या हातात नाही, मान्य. डबा तरी आहे ना?” डबा घेऊन पोचेपर्यंत भात गार झाला होता.

पुढे कधीतरी एपिक्टेटसचीच ‘प्रवचनं’ वाचायला घेतली. पहिल्या भागाच्या अकराव्या प्रकरणात मीच भेटलो. एक अधिकारी एपिक्टेटसला सांगतो, मुलगी आजारी पडली तेव्हा मला बघवेना, म्हणून मी घरातून निघून गेलो. ती बरी झाल्याचं कळल्यावरच परतलो. वर म्हणतो, हे स्वाभाविकच आहे. एपिक्टेटस विचारतो, मग तिच्या आईनं, दाईनंही निघून जायला हवं होतं का? आणि तू आजारी पडलास तर घरच्यांनी असंच प्रेमापोटी तुला एकटं टाकलेलं चालेल? पुस्तिकेचं तिसावं प्रकरण तर सरळ सांगतं की कर्तव्य नात्यावरून ठरतं. बाप वाईट आहे? निसर्गानं तुला बाप दिला, चांगला बाप देण्याचा करार केला नव्हता.

सुरुवात मार्कस ऑरेलियसपासून करू नका. ती या रोमन सम्राटानं स्वतःसाठी ग्रीकमध्ये केलेली टिपणं आहेत, तो तुम्हाला शिकवायला बसलेला नाही. त्याच्या नावावर फिरणारी कितीतरी वाक्यं त्याची नाहीतच. भाग आणि परिच्छेदाचा क्रमांक नसेल तर मी फॉरवर्ड करत नाही.

पैसा, तब्येत ‘सद्गुणात मोडत नाही’ म्हणजे टाकाऊ नव्हे. स्टोइकांच्या लेखी तब्येत आजारापेक्षा पसंतीचीच.

दर पानावर ‘हे तर गीतेत आहेच’ म्हणू नका. असेल. आधी हे तर संपवा.

आणि सारांश वाचून सिसेरो उरकू नका. हा रोमन वक्ता आणि लेखक स्वतः स्टोइक नव्हे, पण इ.स.पू. ४४ मध्ये मुलासाठी लिहिलेल्या ‘कर्तव्यांविषयी’ या ग्रंथात बराच माल त्यांचाच आहे. तिसऱ्या भागात ऱ्होड्स या ग्रीक बेटावरचा दुष्काळ येतो. अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे की मागून आणखी जहाजं येतायत. सांगावं, की गप्प राहून चढ्या भावानं विकावं? बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायदा मागेल तेवढं सांगितलं की झालं. न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगायलाच हवं. दोघेही स्टोइक! मी इथे पुस्तक मिटतो, पाठकोऱ्या कागदावर स्वतःचं उत्तर लिहितो, मगच सिसेरोचं वाचतो. तो अँटिपेटरच्या बाजूनं आहे.

धान्याचा व्यापार करणाऱ्या एका मित्राला हेच विचारलं. तो हसला. “गाड्या निघाल्याचं आता गिऱ्हाईकच मला सांगतं.”

“आणि नसतं कळलं तर?”

त्यानं चहा मागवला.