नाटकातला प्रवेश पडद्यावर कसा उतरला? विश्लेषण लिहिताना या चुका टाळा

नाटकावरून केलेल्या सिनेमावर लिहायला बसलं की पहिलं पान भराभर होतं. एका बाजूला संहिता, दुसऱ्या बाजूला सिनेमा आणि मधे वही: ही वाक्यं गाळली, ते पात्र काढलं, अमुक प्रवेश मागे सरकवला. माझे सुरुवातीचे लेख असेच होते. नोंदी बरोबर असायच्या, पण त्या वाचून सिनेमाबद्दल काडीचंही कळत नसे. घोडं पेंड खातं ते इथेच. तो प्रवेश रंगमंचावर नेमकं कोणतं काम करत होता आणि सिनेमात तेच काम आता कशावर सोपवलंय, हे विचारल्याशिवाय ती यादी मुकीच राहते.

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधला राजा डंकनचा खून घ्या. नाटकात तो आपल्यासमोर होतच नाही. मॅकबेथ आत गेलेला असतो आणि लेडी मॅकबेथ बाहेर कानोसा घेत थांबते. घुबड ओरडतं, ती दचकते. मग तो रक्ताळलेल्या हातांनी, खंजीर तसेच घेऊन बाहेर येतो. रोमान पोलान्स्कीच्या १९७१ च्या सिनेमात मात्र कॅमेरा थेट शयनगृहात शिरतो आणि वार दाखवतो. यावर "दिग्दर्शकाने हिंसा वाढवली" एवढंच लिहून पुढे जाणं ही सर्रास होणारी चूक. खरा फरक खुनानंतरच्या संवादात पडलेला असतो. नाटकात त्या तुटक प्रश्नोत्तरांतून आपण न पाहिलेला खून डोळ्यांपुढे उभा करतो. सिनेमात तो पाहून झालेला असल्यामुळे तेच शब्द नुसती प्रतिक्रिया बनतात. शब्द तेच, काम वेगळं.

आता 'मॅकबेथ'वरूनच केलेला अकिरा कुरोसावाचा १९५७ चा 'थ्रोन ऑफ ब्लड' बघा. शेक्सपिअरची एकही ओळ त्यात जशीच्या तशी नाही. गोष्ट जपानी किल्ल्यात घडते आणि अभिनयावर 'नो' या जपानी पारंपरिक नाट्याची छाप आहे. पण खून दाखवलेला नाही. वाशिझू, म्हणजे इथला मॅकबेथ, भाला घेऊन जातो आणि कॅमेरा त्याच्या बायकोपाशी, आसाजीपाशी थांबतो. तो परततो तेव्हा त्याच्या मुठीतला भाला तिला काढून घ्यावा लागतो. म्हणजे प्रवेशाची बांधणी पाहिली तर शब्द न ठेवणारा सिनेमा शब्द ठेवणाऱ्यापेक्षा नाटकाच्या जास्त जवळ आहे. 'मूळ संवाद ठेवले म्हणजे निष्ठा राखली' हे गृहीतक लेखात शिरलं असेल तर या दोन प्रवेशांवर घासून बघा.

'मूळ' म्हणजे कुठलं मूळ?

"दिग्दर्शकाने क्रम बदलला" असं लिहिण्याआधी समोरची प्रत कोणती आहे ते बघा. 'हॅम्लेट'च्या जुन्या छापील प्रती तीन: १६०३ ची छोटी, १६०४-०५ ची मोठी आणि १६२३ च्या फोलिओतली, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहातली. 'टु बी ऑर नॉट टु बी' हे स्वगत १६०३ च्या प्रतीत बरंच आधी येतं. चौथ्या अंकातलं हॅम्लेटचं एक लांबलचक स्वगत फोलिओत नाहीच. त्यामुळे 'गाळलं' म्हणताना कशातून गाळलं हे सांगावं लागतं.

याचंच भावंड म्हणजे परंपरेचं श्रेय दिग्दर्शकाला देणं. बाझ लुहरमनच्या १९९६ च्या सिनेमात रोमिओ मरण्याआधीच ज्युलिएट जागी होते. धक्का बसतो खरा, पण डेव्हिड गॅरिक या इंग्रज नटाने अठराव्या शतकात रंगमंचावर रोमिओच्या मरणाआधी ज्युलिएटला जागं करून दोघांना बोलायलाही लावलं होतं. आणि ज्या 'बाल्कनी'च्या प्रवेशावर आपण पानंच्या पानं लिहितो, त्या नाटकात बाल्कनी हा शब्दच नाही. रोमिओला दिसते ती खिडकी. तेव्हा लुहरमनने तो प्रवेश पोहण्याच्या तलावात नेला म्हणून "बाल्कनी मोडली" असं म्हणणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं.

स्वगत कोण ऐकतंय?

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. व्हॉइस ओव्हर वापरला, क्लोज-अप घेतला, असं तंत्राचं वर्णन करून लेखक मोकळा होतो. त्याऐवजी ऐकणारा शोधा.

लॉरेन्स ऑलिव्हिएने १९४८ च्या 'हॅम्लेट'मध्ये 'टु बी' हे प्रसिद्ध स्वगत हॅम्लेट आणि त्याची प्रेयसी ऑफिलिया यांच्या भेटीच्या प्रवेशानंतर नेलं आणि हॅम्लेटला समुद्रावरच्या उंच बुरुजावर एकटं बसवलं. काही ओळी ओठांवर, काही मनात. ऐकणारं कुणी नाही. केनेथ ब्रानाच्या १९९६ च्या, सुमारे चार तासांच्या 'हॅम्लेट'मध्ये हॅम्लेट आरशासमोर बोलतो आणि त्या आरशामागे राजा आणि त्याचा मंत्री पोलोनियस लपलेले असतात. ही दिग्दर्शकाची करामत वाटते. पण संहिता उघडा: स्वगताच्या जरा आधी ते दोघे आडोशाला गेलेलेच आहेत! ब्रानाने संहितेतली ती जागा हेरली. ऑलिव्हिएने क्रम बदलताच ती पाळत स्वगतावरून उठली आणि प्रश्न राजकारणाचा न राहता एका माणसाच्या मनाचा झाला. क्रम बदलल्याची नोंद कामाची ठरते ती अशी.

'हॅम्लेट'वरूनच केलेल्या विशाल भारद्वाजच्या 'हैदर'मध्ये (२०१४) तर हे स्वगत दोन ठिकाणी वाटलंय. 'हम हैं कि हम नहीं' हा प्रश्न भर चौकात, गर्दीसमोर येतो, तर मारू की मरू ही घालमेल खासगीत. ओळ शोधत बसलात तर अर्धंच सापडेल, काम शोधलंत तर दोन्ही तुकडे हाती लागतील.

वस्तूची भाषा

'ऑथेल्लो'मधला रुमाल 'ओंकारा'त (२००६) कमरबंद झाला. "देशी पर्याय दिला" हे वाक्य कृपया लिहू नका. रुमाल कुणाच्याही हाती असू शकतो, त्याचं महत्त्व ऑथेल्लोला शब्दांत समजावून द्यावं लागतं. कमरबंद बाईच्या अंगावर असतो. तो दुसरीच्या कमरेला दिसला की समजावण्याची गरजच उरत नाही.

आठवणीशी तुलना

'नटसम्राट'वरचे लेख या बाबतीत वाचण्यासारखे. १९७० च्या नाटकाशी २०१६ च्या सिनेमाची तुलना करतोय असं म्हणत अनेकजण प्रत्यक्षात डॉ. श्रीराम लागूंच्या आवाजाची नाना पाटेकरांच्या आवाजाशी तुलना करतात. करायला हरकत नाही, फक्त तसं सांगून करा. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज आणि हातभर अंतरावरच्या कॅमेऱ्यासाठीची कुजबुज एकाच तागडीत घालायची नसते.

लेख अडलाच तर सिनेमातली तीनच मिनिटं निवडा. एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून ऐका, मग संहितेतला तेवढाच भाग मोठ्याने वाचा. वाशिझूच्या हातातून भाला निघत नाही तो प्रसंग मी असा पाहिला, तेव्हा पहिल्या फेरीत काहीच अडलं नाही आणि पोलान्स्कीचा तोच भाग आवाज बंद केल्यावर खुनानंतर लगेच ढिला पडला. माझ्या लेखाचा पहिला परिच्छेद तिथूनच सुरू झाला.