दिवसभर मन ख्रिस्ताकडे लावून ठेवण्यासाठी

सकाळी मोबाईल हाती घेण्याआधी बायबल उघडा. त्यातील स्तोत्रसंहिता या पुस्तकातल्या 119व्या स्तोत्राची 176 वचने 8-8 वचनांच्या 22 भागांत विभागलेली आहेत. रोज एकच भाग मोठ्याने, सावकाश वाचा. मनाला भिडलेले एक वचन चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा आणि बायबलमधील संदेष्टा दानिएल याच्याप्रमाणे दिवसातून तीनदा थांबून त्याच वचनावर प्रार्थना करा. वेळ ठरलेली हवी. जेवणाआधीची सर्वांत सोपी.

अनेकांचे गाडे अडते ते सुरुवातीच्या उत्साहामुळे. पाच-पाच अध्याय वाचायला घेतात, एक दिवस चुकतो, अपराधी वाटते आणि सगळेच सुटते. चुकलेला भाग भरून काढू नका, पुढचाच वाचा. प्रार्थनेत मन भरकटले, तर ज्या काळजीकडे ते गेले तीच देवापुढे मांडा. झोपण्याआधी एका गोष्टीबद्दल उपकारस्तुती, एका पापाची कबुली.