वायरलेस ब्रॉडबँडवर कॉल अडखळतो? आधी अपलोडची रांग आवरा

घरात कुणी फोनमधले व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावले की दुसऱ्याचा ऑनलाइन वर्ग तुटायला लागतो. मग बहुतेक जण मोठा प्लॅन घेतात. तो घेण्याआधी हे करून बघा.

४जी-५जी राउटरला काही अपलोड करायचं, तर टॉवरकडे मागणी नोंदवावी लागते: इतका डेटा साठलाय, वेळ द्या. टॉवर सगळ्यांच्या मागण्या बघून वाटप करतो. तोवर डेटा मोडेममध्ये, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या भागात, तुंबतो आणि कॉलचं इवलंसं पॅकेट व्हिडिओच्या ढिगामागे अडकतं. टॉवरचं वाटप आपल्या हातात नाही, पण घरची रांग आहे.

आधी खात्री करा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग ८.८.८.८ -टी' ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा आणि ती चालू असतानाच एखादी मोठी फाइल अपलोडला लावा. उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचा ४० मिलिसेकंदांच्या आसपासचा आकडा ४००-५०० वर उडाला, तर दुखणं रांगेचंच.

आता संध्याकाळच्या गर्दीत दोन-तीनदा स्पीड टेस्ट घ्या आणि सगळ्यात कमी आलेला अपलोडचा आकडा धरा. राउटरच्या क्यूओएस (कुठल्या डेटाला किती वाट द्यायची ते ठरवणाऱ्या) पानावर त्याच्या साधारण ८५ टक्के मर्यादा घाला. २० एमबीपीएस मिळत असेल तर १७. केबीपीएसमध्ये विचारलं तर १७०००. थोडा वेग जातो, पण रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते आणि तिथे तिला शिस्त लावता येते. डाउनलोडलाही हाच हिशेब.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत लिनक्स प्रणाली) असेल तर रांग सांभाळणारं 'एसक्यूएम' पॅकेज टाकून त्यात 'केक' ही पद्धत निवडा. लिनक्समध्ये २०१८ साली आलेली ही पद्धत प्रत्येक जोडणीची वेगळी रांग करते, त्यामुळे कॉलला प्राधान्य द्यायचे नियम लिहीत बसावं लागत नाही. वेग फारच खालीवर होत असेल तर 'केक-ऑटोरेट' ही स्क्रिप्ट मर्यादा आपोआप हलवते.

वाय-फायमधलं 'डब्ल्यूएमएम' मात्र बंद करू नका. आवाज आणि व्हिडिओला हवेत आधी वाट तेच देतं. शिवाय ते बंद केलं की वाय-फाय जुन्या ५४ एमबीपीएसच्या दरावर येऊन बसतं.

पुन्हा पिंग बघा. अपलोड नसतानाही आकडा चढलेलाच असेल, तर राउटर टॉवरच्या बाजूच्या खिडकीत हलवा. आणि रोज संध्याकाळीच बिघडत असेल तर टॉवरवर गर्दी आहे. तिथे कुठलंही सेटिंग पुरं पडत नाही, फायबरची चौकशी करा.