१०० व्होल्टचा जपानी सिंथ आपल्या २३० व्होल्टवर कसा चालवावा

जपानहून जुना सिंथ (सिंथेसायझर) किंवा रॅक मॉड्यूल (पट्ट्या नसलेला, डब्यासारखा सिंथ) आलं की भोवतालचे सगळे एकच सल्ला देतात: "एकशे दहाचा डबा आण आणि लाव," म्हणजे २३० चे ११० व्होल्ट करणारा तयार ट्रान्सफॉर्मर. हा सल्ला ऐकून मी एक चांगलं मॉड्यूल गमावलं आहे. त्यानंतर माझी आणि ऑर्केस्ट्रातल्या मित्रांची मिळून बरीच परदेशी वाद्यं मी आपल्या लाइटवर चढवली आणि ती सगळी आजही वाजतात.

सुरुवात मागच्या पाटीपासून करा. तिथे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलं असेल तर फक्त पिन बदला. व्होल्टेजचा सरकता स्विच असेल तर तो २३० वर घ्या आणि फ्यूजही बदला. व्होल्टेज दुप्पट झालं की करंट निम्मा होतो, म्हणून फ्यूज साधारण निम्म्या अँपिअरचा लागतो.

वाद्य बाहेरच्या अ‍ॅडॅप्टरवर चालत असेल तर परदेशी अ‍ॅडॅप्टर बाजूला ठेवून इथलाच घ्या. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. पण पोलॅरिटी (आतली पिन प्लस की मायनस) डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पिन खुपसू नका. रोलँड आणि बॉसच्या बहुतेक ९ व्होल्टच्या वाद्यांना आतली पिन मायनस लागते आणि बाजारातल्या बऱ्याच अ‍ॅडॅप्टरची आतली पिन प्लस असते. काही जुन्या इफेक्ट युनिटना तर ९ व्होल्ट एसीच लागतो, तिथे डीसी अ‍ॅडॅप्टर चालत नाही.

आता राहिली ती वाद्यं ज्यांच्या पोटातच पॉवर सप्लाय आहे आणि पाटीवर फक्त '१०० व्होल्ट' लिहिलंय. खरं काम इथेच आहे.

अमेरिकेत १२० व्होल्ट आणि जपानमध्ये १०० व्होल्ट आहेत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपल्याकडे दोन्हींना सर्रास 'एकशे दहा' म्हणतात. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तयार मिळणारा स्टेप-डाउन बहुधा २३० ला ११० देणारा असतो. हे गुणोत्तर आहे, हमी नव्हे. आत २३० आले तर बाहेर ११०. आमच्या भागात रात्री अकरानंतर मीटर २५० दाखवतो, तेव्हा त्याच डब्यातून जवळपास १२० बाहेर पडतात. शिवाय डब्यावरचा आकडा पूर्ण लोडचा, म्हणजे डब्याची सगळी क्षमता वापरात असतानाचा असतो. शंभर वॉटच्या डब्यावर वीस वॉटचं मॉड्यूल लावलं की व्होल्टेज आणखी चढतं. माझ्या डब्याच्या आउटपुटला मी मल्टीमीटर लावला तेव्हा १२२ निघाले, पण ते मॉड्यूल बंद पडल्यानंतर. आधी मोजायला हवं होतं.

"वीस टक्क्यांनी काय होतंय, वाजतंय ना?" असं म्हणणाऱ्यांसाठी हिशेब मांडतो. जुन्या सिंथच्या आत ७८०५ सारखा रेग्युलेटर असतो. तो वरचं जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवून खाली नेमके ५ व्होल्ट देतो. समजा योग्य सप्लायवर त्याच्याकडे १० व्होल्ट येतात आणि करंट एक अँपिअर आहे. तो ५ वॉट उष्णता सोडतो. मेन्स, म्हणजे बाहेरून येणारी लाइट, वीस टक्क्यांनी वाढली की १० चे १२ होतात आणि उष्णता ७ वॉट, म्हणजे चाळीस टक्के जास्त. आवाजात काहीच फरक पडत नाही, म्हणून कळतही नाही. माझं मॉड्यूल पाच महिने उत्तम वाजलं आणि मे महिन्यातल्या एका शोमध्ये दुसऱ्या गाण्याला डिस्प्ले गेला. उघडलं तर रेग्युलेटरशेजारचे कपॅसिटर फुगलेले आणि ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये (तारेच्या गुंडाळीत) दडलेला थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापल्यावर उडणारा फ्यूज, उडालेला. तो फ्यूज बाहेरून बदलता येत नाही, अख्खा ट्रान्सफॉर्मर काढावा लागतो, आणि तसा दुसरा मला कुठे मिळाला नाही.

म्हणून माझं मत पक्कं आहे: जपानी वाद्यासाठी तयार डबा घेऊच नका, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्या. मोटर रिवाइंडिंग करणारा कोणताही चांगला कारागीर हे करतो. त्याला तीन गोष्टी सांगा. प्रायमरी (लाइटकडची वाइंडिंग) २४० ची, सेकंडरी (वाद्याकडची) १०० ची, आणि हे १०० तुमच्या वाद्याच्या लोडवर मिळाले पाहिजेत. मेन्स २५० झाली तरी मग आउटपुट १०४ च्या आसपास राहतं. क्षमता वाद्याच्या वॉटच्या तिप्पट-चौपट ठेवा.

दोन वाइंडिंग वेगवेगळ्या हव्यात, हे त्याला दोनदा सांगा. ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त आणि हलका पडतो, कारण त्यात एकच वाइंडिंग असते आणि मधून टॅप काढलेला असतो. ती खालच्या भागात तुटली तर सरळ २३० वाद्यात शिरतात. ओळखायचं कसं? डबा बोर्डातून काढा, मल्टीमीटर ओहमवर ठेवा, एक टोक इनपुटच्या पिनेला आणि दुसरं आउटपुटच्या भोकात. काही ओहम दाखवले तर ऑटो आहे. दोन्ही पिना आणि दोन्ही भोकं अशी उलटसुलट तपासूनही काहीच जोडणी दिसली नाही, तर वाइंडिंग वेगळ्या आहेत.

खिशात मावणारा आणि 'दीड हजार वॉट' लिहिलेला कन्व्हर्टर फुकट मिळाला तरी घेऊ नका. तो इस्त्री आणि हेअर ड्रायरसाठी असतो. आतला थायरिस्टर (वेगाने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) विजेची लाट कापून पुढे पाठवतो आणि सिंथच्या ट्रान्सफॉर्मरला ती कापलेली लाट सोसत नाही. दीडशे-दोनशे वॉटचा खरा ट्रान्सफॉर्मर दोन-तीन किलोचा असतो.

हर्ट्झची फार काळजी नको. जपानमध्येच टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६० हर्ट्झ आहेत, म्हणून तिथली बहुतेक वाद्यं दोन्हींवर चालतात. अमेरिकन पाटीवर फक्त '६० हर्ट्झ' असेल तर तासभर चालवून ट्रान्सफॉर्मरजवळ हात लावून पाहा. खरी अडचण टोनव्हील (फिरून सूर काढणाऱ्या चकत्या) असलेल्या हॅमंड ऑर्गनची आहे. त्याची मोटर मेन्सच्या हर्ट्झवर फिरते, त्यामुळे ६० चा ऑर्गन ५० वर तीन अर्ध्या सुरांहून थोडा जास्तच उतरतो. पांढरी एक दाबली की पांढरी सहाच्याही किंचित खालचा सूर येतो. त्याला स्टेप-डाउनने काही होत नाही, हर्ट्झ बदलणारं यंत्रच लागतं.

पहिल्यांदा चालू करताना ट्रान्सफॉर्मरच्या आधी वायरमनचा सिरीज बोर्ड (ज्यात वीज बल्बमधून होऊन पुढे जाते) आणि ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे.

काही जपानी प्लगमधून बारीक हिरवी वायर लोंबते. ती अर्थिंगची असते. ती कापू नका, ट्रान्सफॉर्मरमधून पुढे काढलेल्या अर्थला जोडा. पत्र्याला हात लागला की येणाऱ्या झिणझिण्या आणि स्पीकरमधली घूं घूं बऱ्याचदा तेवढ्यानेच जाते.

मांडवात जनरेटर असेल तर साउंड चेकच्या आधी बोर्डावरचं व्होल्टेज मोजा. थ्री फेजचा न्यूट्रल सैल झाला तर एका बोर्डावर ३०० च्या वरही जातं आणि तेव्हा कोणताही ट्रान्सफॉर्मर वाद्याला वाचवत नाही.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे, तरी चुकवू नका. आपल्या एक्स्टेंशन बोर्डांवर आता सरसकट सगळ्या पिना घेणारी सॉकेट असतात आणि जपानी चपटी पिन त्यात अलगद बसते. शो संपल्यावर सामान आवरताना किंवा घाईत लावताना कोणीतरी मदत म्हणून तुमची वायर सरळ २३० मध्ये खोचतो. म्हणून चपटी पिन ट्रान्सफॉर्मरच्या सॉकेटमध्ये बसवून दोन्हींवर घट्ट केबल टाय ओढा आणि पिनेजवळ लाल टेपवर मोठ्या अक्षरात '१०० व्होल्ट' लिहा.