जगातल्या देशांचं ॲक्टिव्हिटी बुक काढताय? या चुका टाळा

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या प्रेसमध्ये मुलांच्या पुस्तकांच्या फाइली तपासायला बसलं की त्याच त्या चुका समोर येतात. बोट ठेवलं की उत्तरही तेच: "राहू दे की, पोरांना काय कळतंय?" मला याचा मनापासून राग येतो. आठ वर्षांच्या मुलाला झेंडे आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात. आणि लहान मूल पुस्तकावर शंका घेत नाही, छापलंय ते खरं मानूनच रंगवतं. म्हणून हे पुस्तक मोठ्यांच्या पुस्तकापेक्षा काटेकोर हवं.

सगळ्यात महागात पडणारी चूक नकाशाची. मागे एका नवख्या डिझायनरची फाइल आली होती. चित्रं सुरेख, सगळी हाताने काढलेली. जगाचा नकाशा मात्र परदेशी साइटवरून फुकट उतरवलेला. त्यात जम्मू-काश्मीर तुटक रेषांनी कापलेलं आणि अक्साई चिन वेगळ्या रंगात. फाइल बऱ्याच जणांच्या नजरेखालून गेली, पण जगाच्या नकाशात भारत नखाएवढा, कुणाला दिसलं नाही. तोच नकाशा मलपृष्ठावर मोठा करून टाकला होता. कव्हरं छापून बाइंडिंगला गेली तेव्हा बाइंडरने ते ओळखलं. सगळी कव्हरं रद्दीत गेली आणि ज्या संमेलनात पुस्तक द्यायचं होतं ते पुस्तकाविना पार पडलं.

कव्हरं गेली यावरच निभावलं म्हणायचं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मी भारताची रेषा सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच गिरवते, मग भोवती जग बसवते. राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश दाखवणार असाल तर २०१४ चं तेलंगणा आणि २०१९ चं लडाख आहे ना, तेही बघा. छपाईची प्लेट काढण्याआधी भारताचा भाग स्क्रीनभर मोठा करून पाहायची सवय लावून घ्या.

नकाशा दोन पानांवर पसरवला की दुसरं संकट मधल्या घडीचं. शून्य रेखांश बरोबर मध्ये ठेवलं तर घाना, टोगो, इंग्लंड बाइंडिंगमध्ये गडप होतात. टोगो तर आधीच चिंचोळा. मी घडी अटलांटिक महासागरात पाडते: डाव्या पानावर दोन्ही अमेरिका आणि उरलेल्या जागेत सूची, उजवीकडे बाकीचं जग. ग्रीनलंड थोडं कापलं जातं, तेवढं चालवून घ्यावं. तसंही मर्केटरचा नकाशा (ध्रुवांकडचे प्रदेश फुगवून दाखवणारा) वापरलात तर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळजवळ चौदापट आहे. लहान मुलांसाठी मर्केटर नकोच.

झेंड्यांच्या बाबतीत घाई फार होते. सगळे झेंडे एकाच मापाच्या चौकटीत कोंबतात. स्वित्झर्लंडचा चौरस आहे, नेपाळचा आयतच नाही. 'झेंडा ओळखा' हा खेळ काळ्या रेषांत दिला तर आयर्लंड आणि आयव्हरी कोस्टमध्ये मुलाने फरक करायचा कशावरून? इंडोनेशिया आणि मोनॅको तर रंगवल्यावरही सारखेच दिसतात. एआयकडून झेंडे काढून घेणाऱ्यांना माझी विनंती आहे, निदान तारे मोजा. ऑस्ट्रेलियाच्या झेंड्यावर सहा तारे आहेत, त्यातल्या पाचांना सात टोकं आणि एका छोट्याला पाच. मॉरिटानियाने २०१७ मध्ये झेंड्यावर लाल पट्टे घातले, किर्गिझस्तानने २०२३ मध्ये सूर्याचे किरण बदलले. जुन्या पुस्तकावरून उचललेत तर जुनंच छापाल.

आता माझा सगळ्यात दुखरा विषय, शब्दशोध. इंग्रजी कोडी बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी शब्द टाकतात आणि ते अक्षराचे तुकडे करून ठेवतं: एका चौकटीत 'स', दुसऱ्यात नुसता हलन्त, तिसऱ्यात 'ट', पुढे एकटा काना. पहिली-दुसरीतलं मूल असं वाचतच नाही. त्याच्यासाठी 'ऑस्ट्रेलिया' म्हणजे चार घरं: ऑ, स्ट्रे, लि, या. मी चौकट कागदावर पेन्सिलने भरते आणि मगच टाइप करते. वेळ लागतो, पण याला दुसरा रस्ता मला सापडलेला नाही आणि शोधायचाही नाही.

आफ्रिका म्हटलं की सिंह आणि झोपडी काढणं बंद करा. ५४ देश आहेत तिथे. केनियाच्या पानावर चहाचे मळे काढा, इथिओपियाच्या पानावर कॉफी. कोल्हापूर म्हणजे नुसता तांबडा रस्सा म्हटलेलं आपल्याला आवडतं का?

कागद: रंगवायच्या पानाला गुळगुळीत आर्ट पेपर नको, मेणाचे खडू त्यावर घसरतात. जाडसर मॅपलिथो (चकाकी नसलेला साधा कागद) घ्या. तरी स्केचपेन पलीकडे उतरतोच, म्हणून रंगवायच्या चित्रामागे कोडं छापू नका. पान कोरं सोडायला जीव होत नसेल तर पाने कमी करा.

पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत हवीत. फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) द्या, कटिंगसाठी चारी बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचा रंग सोडा, मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरं फॉन्टऐवजी आकृत्या होतात. नाहीतर प्रेसच्या मशीनवर 'ऱ्य' कसा उमटेल याची खात्री नाही.

आणि छपाईआधी एक प्रत साध्या प्रिंटरवर काढून एखाद्या मुलाच्या हातात द्या. शेजारी बसा, पण सांगू नका काही. ते "आई, इथं काय करायचं?" असं ज्या पानावर विचारेल, त्या पानावरची सूचना पुन्हा लिहायची.