तिकडे क्रांती झाली की बाकीची सरकारं काय करतायत ते कसं ओळखायचं

आपल्या खेड-दापोलीकडे प्रत्येक वाडीतले दोन-चार जण तरी आखातात असतात, त्यामुळे तिकडे काही पेटलं की इकडे सगळ्यांचा जीव टांगणीला. अशा वेळी व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड बाजूला ठेवा आणि आधी सरकारांची स्टेटमेंट नीट वाचा, नुसतं "परिस्थितीवर लक्ष आहे" म्हणत असतील तर बहुतेक कोण टिकतंय याची ते वाट बघतायत.

मग नव्या सरकारला मान्यता कोण आणि किती लवकर देतंय ते बघा, खरा हिशोब इथेच कळतो. चीनमध्ये १९४९ ला कम्युनिस्ट आले, भारताने त्याच डिसेंबरात मान्यता दिली आणि अमेरिकेने थेट १९७९ ला, म्हणजे तीस वर्षं!

शेजारच्या देशांकडे तर जास्तच लक्ष द्या, कारण ठिणगी आपल्याकडे उडेल ही भीती त्यांनाच असते. मार्च २०११ मध्ये बहारीनच्या राजघराण्याला वाचवायला सौदीचं सैन्य पुलावरून आत गेलं, आणि त्याच महिन्यात लिबियात तिथला हुकूमशहा गद्दाफीच्या फौजांवर पाश्चात्त्य देशांनी बॉम्ब टाकले. एकीकडे राजा वाचवला, दुसरीकडे हुकूमशहा पाडला, मला तरी हे फार खटकतं.

आणि आपल्या सरकारने "निघून या" सांगितलं की थांबूच नका. २०१५ ला येमेनमधून साडेचार हजारांवर भारतीय आणले, नौदलाची जहाजं एडनपर्यंत गेली होती. घरच्या माणसाला दूतावासात आत्ताच नाव नोंदवायला सांगा, पासपोर्टचा फोटो इकडे घरी पण ठेवा.